चटका न बसलेला अंगठा

शिकवण्याच्या नोकरीत घसा बसतो, कंबर धरते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिक्षकाचे पाय किती लोकांच्या नजरेखालून जातात, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. रत्नागिरीजवळ, पावसच्या अलीकडे एका वाडीत, प्राथमिक शाळेत, मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी गणपतीत आणि शिमग्यात मुंबईहून आलेली माझी जुनी मुलं घरी येतात आणि पाया पडतात. टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्येसुद्धा वाकतात. वाकलेल्या माणसाचं नाक आपल्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर येतं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि कडेनं भुसभुशीत झालं, तेव्हापासून ती वीत मला फार कमी वाटायला लागली.

आधी मी साडीच्या निऱ्या जरा खाली सोडून पाहिल्या. मग मोजे घालायला लागले. कोकणात, एप्रिलच्या घामात, घरात मोजे घालून बसलेली बाई बघून वाडी काय म्हणत असेल ते न ऐकताही कळत होतं. माझी धाकटी जाऊ तेवढी तोंडावर म्हणाली, "बाई, पायांना थंडी वाजते काय ओ?"

ही जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. आमची दोन घरं एकाच अंगणात, समोरासमोर. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, आणि तिचा नवरा मुंबईला नोकरीला, सणासुदीला येणारा. त्यामुळे दोन्ही घरांत मिळून आम्ही दोघीच. नात्यानं मी तिची थोरली जाऊ, पण लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला वाडीतल्या सगळ्यांसारखं 'बाई'च म्हणते. तिची शाळा चौथीपर्यंत. भाताची सगळी शेती तिच्या अंगावर. मी फक्त सातबाऱ्यावर नाव असलेली. लावणीला बायकांची जी रांग लागते, तिच्या तोंडाशी ही असते, आणि हिच्या हाताच्या वेगानं बाकीच्यांना हात हलवावे लागतात. त्या चार-पाच आठवड्यांत ती कुणाचंही ऐकत नाही, माझंसुद्धा.

चपला तिला कधी मानवल्या नाहीत. मे महिन्यात भर दुपारी, जांभ्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, माझ्या चपलेचं रबर मऊ पडायचं, तिथून ही डोक्यावर कवळाचा, तोडलेल्या पाल्याच्या डहाळ्यांचा, भारा घेऊन अनवाणी यायची. वाडीत तिचं कौतुक होतं. "हिचे पाय जांभ्याचे," असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. कौतुक करणाऱ्याला शंका येत नाही. मला तरी यायला हवी होती, कारण तिला आठ-नऊ वर्षं शुगर होती, आणि शुगरनं शरीराचं काय काय होतं याचा तक्ता मी स्वतः शाळेच्या भिंतीवर चार खिळे ठोकून लावला होता.

नखासाठी मी डॉक्टरांकडे गेलेच नाही असं नाही. जवळच्या दवाखान्यात गेले होते. ते म्हणाले, "बुरशी असेल, नसेलही. नखाचा तुकडा कापून रत्नागिरीला तपासायला पाठवू. बुरशी निघाली तर गोळ्या, त्याआधी रक्ताची तपासणी, आणि नवं नख पुरतं वर यायला वर्षभर जाईल." एका नखासाठी एवढा प्रपंच! वर्षभरात मी अख्खा वर्ग वाचायला शिकवत असे. तुकडा वगैरे काही न देता मी तणतणत घरी आले.

आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर ती जाहिरात आली. आधी माझ्यासारखंच एक पिवळं नख, मग त्यावर निळा-जांभळा उजेड, मग गुलाबी, स्वच्छ, कोवळं नख. घरच्या घरी, न दुखता, लेझरनं. मी विज्ञान शिकवलेली बाई. उन्हात गाद्या घालतो त्या कशाला, मग उजेडानं बुरशी का मरू नये, असं मीच मला समजावलं आणि मलाच ते पटलं. मुंबईला मुलगा आहे, त्याला विचारता आलं असतं. तो नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

पार्सल आमच्या वाडीपर्यंत येत नाही, नाक्यावरच्या दुकानात ठेवतात. मी स्वतः जाऊन घेऊन आले. आत बारक्या टॉर्चसारखं यंत्र, त्यावर एक ते पाच आकड्यांचं बटण, हिरव्या काचांचा एक चष्मा, आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला घडीघडीचा कागद.

तो कागद मी वाचला. वाचला नव्हता असं म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. दिवसातून एकदा, सात मिनिटं. गरोदर बायकांनी वापरू नये. रंगवलेल्या नखांवर वापरू नये. मधुमेह असेल किंवा त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर वापरू नये. एकेका ओळीपुढे मी मनातल्या मनात बरोबरची खूण करत गेले. मी गरोदर नव्हते, नखं कधी रंगवली नव्हती, माझी साखर बेताची होती. माझ्यापुरता पेपर सुटला. दुसऱ्या कुणावर यंत्र धरायचं तर कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचा असतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. कागदाची घडी घालून मी तो डब्याच्या तळाशी ठेवून दिला.

दुपारचा चहा झाला की मी पडवीत बाकावर बसायचे. हिरवा चष्मा लावायचा, मोजा काढायचा, आणि अंगठ्यावर उजेड धरायचा. एकवर काही वाटायचं नाही. दोनवर ऊब लागायची आणि मिनिटाभरानं सुई टोचल्यासारखं व्हायचं. तीनवर मी एकदाच गेले आणि "आई गं" म्हणून यंत्र बाजूला फेकलं. तेव्हापासून दोन ही माझी हद्द.

जाऊ समोर कोकमांसाठी रातांबे फोडत बसलेली असायची. मे महिना, रातांब्यांचा ढीग पुढ्यात, मनगटापर्यंत हात लालभडक. आठवडाभर तिनं नुसतं पाहिलं. मग एक दिवस म्हणाली, "बाई, ह्यानं काय व्हतं?"

"नख नवं येतं."

"माजीपण तशीच हायत." तिनं साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि स्वतःच्या अंगठ्यांकडे बघून हसली. "रानात फिरणाऱ्याची अशीच आसायची."

तिला काही नको होतं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. तिच्या पाया पडायला कुणी येत नव्हतं, आणि तिची नखं जाड असल्यानं तिचं काही अडत नव्हतं. पण "अशीच असायची" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं होतं. पोर वाचत नाही, असंच असायचं. पोरीची शाळा सुटली, असंच असायचं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

"अशीच का असायची? आण पाय इकडे," मी म्हणाले.

मी वाकून तिचा पाय हातात घेतला, तर तिनं तो झटकन मागे ओढला. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायाला हात लावायचा नसतो. "बाई, नको ओ. पाप लावताव काय मला?" ती खरोखर कावरीबावरी झाली होती. मला मात्र मी फार मोठ्या मनाची आहे असं वाटलं. मी तिला दटावून बाकावर बसवलं आणि तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. तो पाय थंडगार होता, मे महिन्यात. मला तो राठपणाच वाटला.

तिचं नख इतकं जाड होतं की उजेड आत कसा जाणार, असा मला प्रश्न पडला. कोयतीला धार लावायची कानस घरात होती. त्या कानशीनं मी तिच्या उजव्या अंगठ्याचं नख घासून पातळ केलं. कडेला जरा रक्त आलं, ते हळद लावून थांबवलं. मग चष्मा मी लावला, आणि तिला सांगितलं, "पदर घे डोळ्यांवर."

दोनचा आकडा. "चटका बसतोय?"

"नाय ओ."

तीन. चार. "आता?"

"कायच नाय, बाई."

"खरं सांग हं."

"खरांच सांगतंय. तुमी लावलाव काय नाय त्याचापण पत्ता नाय."

मी पाचवर नेलं, आणि तिथेच ठेवलं. मला कोण आनंद झाला! माझ्यासारख्या नाजूक पायांच्या बाईला जे सोसत नाही ते हिला सहज सोसतं, म्हणजे हिला गुण लवकर येणार. वर्गात एखादं पोर भराभरा पाढे म्हणायला लागलं की आपण त्याला पुढचे देतो, तसं मी एकदाच्या जागी तीनदा धरायला लागले. सात-सात मिनिटं, मध्ये जरा दम खाऊन. ती पदराआडून मला शेतातल्या गोष्टी सांगत राहायची. खरं सांगायचं तर ती चहानंतरची वेळ आम्हा दोघींनाही आवडायला लागली होती. तीस वर्षं शेजारी राहून आम्ही एवढा वेळ एका बाकावर कधी बसलो नव्हतो.

चौथ्या दिवशी ती मेंदीनं रंगलेले पाय घेऊन आली. पेरणी तोंडावर आली की आमच्याकडे बायका मेंदीचा पाला पाट्यावर वाटून पायांना लावतात. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं माखून घ्यायचं आणि सुकू द्यायचं. मग चिखलात दिवस-दिवस उभं राहिलं तरी चिखल्या होत नाहीत. तिचे पाय घोट्यापर्यंत गडद तांबूस झाले होते, अंगठे तर जवळजवळ काळेच. रंगवलेल्या नखांवर वापरू नये, ही ओळ मला आठवली, नाही असं नाही. पण ती शहरातल्या बायकांच्या लाल-गुलाबी रंगाबद्दल असणार, असं मी ठरवून टाकलं. मेंदी काय, मेंदी तर औषध. मी पाचवर उजेड धरला.

दहाव्या की अकराव्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे विरजण मागायला आली. माझ्या स्वयंपाकघरात पांढरी लादी आहे, आणि ती लादी मी फार जपते. ती आत येऊन परत वळली तेव्हा तिच्या मागे लादीवर ओले डाग उमटलेले दिसले.

"अगो, पाय पुसून येत जा की! किती वेळा सांगायचं?" मी खेकसले.

ती तिथेच थांबली आणि ओशाळून खाली बघायला लागली. मग माझ्या लक्षात आलं की बाहेर पाऊस नाही, अंगणात चिखल नाही, विहिरीवर ती अजून गेलेली नाही. डाग फक्त उजव्या पावलाचे होते. प्रत्येक ठशात अंगठ्याच्या जागी पिवळसर, बुळबुळीत काहीतरी होतं. मी खाली बसले, तिचा पाय उचलला, आणि मला वास आला.

मेंदीच्या काळपट रंगात वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नखाच्या कडेला बोट लावलं तर नख एका बाजूनं सुटून वर आलं, आणि खालचं मांस पांढरं आणि काळं होतं. तिनं हूं की चूं केलं नाही. मी तिच्या जखमेत बोट घातलं होतं आणि ती मला विचारत होती, "काय झालंय ओ बाई? चिखल लागलाय काय?"

 त्या क्षणी मला सगळं कळलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. फक्त काहीतरी भयंकर झालंय आणि ते माझ्या हातून झालंय, एवढं कळलं.

रिक्षा करून मी तिला रत्नागिरीला नेलं. वाटेत ती मला धीर देत होती. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुली आता जेवढ्या असतील, त्यांच्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. तिनं अंगठा पाहिला, साखर तपासली, आणि "मावशी, मेंदीखाली काही दिसायलाच मार्ग नाही हो," एवढंच पुटपुटली. मग तिनं प्लास्टिकच्या दांडीला बसवलेला एक बारीक, ताठ दोरा काढला. जावेला म्हणाली, "डोळे मिटा. मी पायाला दोरा लावीन. कळलं की 'कळलं' म्हणायचं."

जावेनं डोळे मिटले. मी वाट बघत होते. वेळ जात होता आणि जाऊ काही बोलत नव्हती. मला वाटलं, ही डॉक्टरीण अजून सुरू का करत नाही? मी जरा पुढे वाकून पाहिलं. दोरा उजव्या तळव्यावर टेकलेला होता, इतका की तो मध्ये वाकला होता. डॉक्टरीण तो उचलून दुसरीकडे टेकवत होती, तिथून तिसरीकडे. जाऊ डोळे मिटून शहाण्या मुलासारखी वाट बघत बसली होती.

"नाय ओ, कायच नाय," असं ती मला दहा दिवस सांगत होती. ती खरं तेच सांगत होती. मी त्याला गुण म्हणत होते.

डॉक्टरीण दोरा ठेवून म्हणाली, "हा भाजल्याचा घाव आहे. नख कुणी घासलंय? कशानं भाजलं?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "मीच केला. बाईंची मशीन व्हती, ती मी घेतली. बाई नको म्हनत व्हत्या."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं सरळ खोटं तिनं आयुष्यात कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मी, पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभी करणारी बाई, गप्प बसले. डॉक्टरीण जावेलाच समजावत राहिली. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, गरम लागलेलं कळत नाही. नख पातळ केलं की आतलं मांस उघडं पडतं. गडद रंग उष्णता जास्त ओढून घेतो. आणि एकदा जखम झाली की ती भरत नाही. अशा यंत्रांच्या नादाला लागायच्या आधी नख दाखवायला तरी यायचं. जाऊ मान डोलावत सगळं माझ्या वाटचं ऐकून घेत होती. 

निम्मा अंगठा काढावा लागला. पंधरा दिवस ती हॉस्पिटलात होती, मी तिच्या उशाशी. त्या दिवसांत डॉक्टरणीची नजर माझ्या मोज्यांवर गेली. तिनं नख पाहिलं आणि एक तुकडा कापून तपासायला पाठवला, जो मी आधीच द्यायला हवा होता. अहवाल आला. बुरशी नव्हतीच. वर्षानुवर्षं पुढून अरुंद चपला घालून नखाला मार बसत आलेला, म्हणून ते जाड झालेलं. ती हसून म्हणाली, "काकू, चपला बदला." मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडले. माझ्या नखाला काही झालेलंच नव्हतं, आणि त्या काही न झालेल्या गोष्टीपायी मी तिचं बोट घालवलं होतं.

त्या वर्षी लावणीला ती शेताच्या मेरेवर, बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पाय कापडात गुंडाळून. खाली बायका लावत होत्या. तोंडाशी ही नसल्यानं रांग वाकडीतिकडी चालली होती, आणि ती वरून ओरडून ओरडून सरळ करत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिच्या शेजारी उभं राहवेना, म्हणून मी चहा आणायच्या निमित्तानं घरी निघून गेले.

घरी सोडताना डॉक्टरीण म्हणाली होती, "उजव्या पायाला आता जवळपास काही कळत नाही. डाव्याला अजून कळतंय, तो पाय सांभाळायचा. रोज दोन्ही पाय नीट बघा. मावशींना डोळे मिटायला सांगा आणि बोटाच्या टोकानं हलकेच स्पर्श करा. डाव्याचं कळणं कमी झालं तर थांबू नका, तडक घेऊन या." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. यंत्र मी माळ्यावर टाकलं होतं. त्याच बाकावर, त्याच वेळेला, आता मी जावेचे पाय मांडीवर घेऊन बसायला लागले. आता ती पाय मागे ओढत नव्हती. आधी तळवे बघायचे, मग बेचक्या, मग ती डोळे मिटायची आणि मी डाव्या पायाला बोट लावायचे. अंगठा. "कळलं." करंगळी. "कळलं." चवड्याला, टाचेला. "कळलं, बाई."

महिनोन्‌महिने सगळं कळत होतं. गणपती झाले, दिवाळी झाली. माझ्या जिवाला तेवढाच आधार. मुंबईला फोनवर मुलाला मी सांगितलं, डावा पाय ठणठणीत आहे. मी रोज तपासते. शेजारणींनाही सांगितलं. माझ्या बोलण्यात पुन्हा जुनी ऐट आली होती, ती मलाच ऐकू यायची.

मार्गशीर्षातली एक संध्याकाळ. तिनं डोळे मिटले होते. मी बोट पुढे नेलं, आणि माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून हात मागे घेऊन पदरानं डोळा पुसायला लागले.

"कळलं," ती म्हणाली.

माझा हात डोळ्यावर होता. मी तसाच ठेवला. थोडा वेळ गेला.

"कळलं, बाई," ती पुन्हा म्हणाली, नेहमीच्याच सुरात, नेहमीच्याच अंतरानं.

मी तिच्या पायाला कुठेही बोट लावलेलं नव्हतं.

"डोळे उघड," मी म्हणाले. तिनं उघडले आणि माझा हात माझ्या डोळ्याशी पाहिला. तिला समजलं. चोरी पकडल्यावर माझी पोरं बघायची तशी ती बाकाच्या कडेकडे बघायला लागली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासून कमी झालाय. तुमी किती खूश व्हताव ओ, बाई. म्हटलां, कशाला उगीच परत तुमच्या जिवाला घोर."

मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की समोरच्या घरावरचा कावळा उडाला. तुझा पाय जाईल, गो, पाय. मला खूश करायला बसली आहेस होय? ती ऐकून घेत होती. ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की हे तिला मीच शिकवलं होतं. हॉस्पिटलात ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ते चालू दिलं. मला वाचवायचं तर खोटं बोलायचं, हे तिनं तिथे पक्कं केलं. 

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही रत्नागिरीला गेलो. डॉक्टरीण तीच होती. तिनं काही विचारायच्या आत मी म्हणाले, "डॉक्टर, ते यंत्र हिनं नाही, मी चालवलं होतं. नख मी घासलं. पाचवर मी ठेवलं, दिवसातून तीनदा. ही नको म्हणत होती."

जावेनं टेबलाखालून माझी साडी ओढली. "बाई, गप ऱ्हावा की ओ."

"गप्प राहूनच झालं सगळं," मी म्हणाले.

डॉक्टरणीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, आणखी कुणाला लावलंत का, आणि यंत्र आता कुठे आहे. मी सांगितलं. कुणाला देऊ नका, म्हणाली. मग तिनं खणातून तो दोरा काढला आणि जावेला डोळे मिटायला सांगितलं.

मी जावेचा हात धरला. "हे बघ," मी म्हणाले, "मी खरं सांगितलंय. आता तूही खरं सांगायचंस. नाही कळलं तर गप्प बसायचं. मला काही वाटणार नाही."

डॉक्टरणीनं दोरा डाव्या अंगठ्यावर टेकवला. जाऊ गप्प. करंगळीवर टेकवला, गप्प. चवड्यावर, मधल्या बोटाखाली, तळव्याच्या खोलगट भागात. दोरा वाकत होता आणि जाऊ काही बोलत नव्हती. फक्त माझा हात तिच्या मुठीत घट्ट होत चालला होता. काही वाटणार नाही म्हटलं होतं तरी मला सगळं वाटत होतं, पण तिला शब्द दिला होता म्हणून मी तोंड मिटून बसले.

मग ती एकदम म्हणाली, "हितं. हितं कळलं."

मी बघत होते. दोरा खरंच तिच्या टाचेवर होता.